पुढं जाऊन बघून येतो

हे लिहायचा मला कितपत अधिकार आहे, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कागदाशी संबंध आला तो अंगठा उठवण्यापुरता. शाळेच्या पुढं गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजात तीन वर्षं काढली म्हणून कुणाला लिहिता येतं असं नाही. ज्यांनी वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची वर्षानुवर्षं उठबस केली, त्यांनी खरं तर लिहावं. मी तिथं जेमतेम चार महिने होतो. शिवाय ज्या म्हातारीबद्दल लिहायचं, तिला विचारण्याची सोय आता नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी आणि तिनंही मला माफ करावं. पण जे झालं ते माझ्या तोंडून गेलेल्या एका वाक्यामुळं झालं, आणि ते वाक्य कसलं होतं हे सांगू शकेल असा तिथं मीच एक होतो.

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. सोलापुरातलं माझं ते दुसरं वर्ष. वसतिगृहात मी फार टिकलो नाही. अंथरायला मी घरून घोंगडं आणलं होतं. खोलीतली मुलं ते दोन बोटांनी उचलून गॅलरीत टाकायची आणि विचारायची, "काय रे, मेंढरू खोलीत ठेवायची परवानगी काढलीस का?" मीही हसायचो. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी "शेती" म्हणायचो. ते खोटं नव्हतं, दोन एकर माळ आमचा होता. पण दिवाळी झाली की आई, वडील, काका, घोडी, कोंबड्या असं सगळं बिऱ्हाड मेंढरांमागं भीमाकाठाला उतरायचं आणि मृगाला परत यायचं, हे मी सांगत नव्हतो. शेवटी घोंगडं ट्रंकेच्या तळाशी घातलं आणि दुसरी जागा शोधली.

ती जागा म्हणजे विजापूर रस्त्याला, गावाबाहेर, एका धर्मादाय मंडळाचा वृद्धाश्रम. पत्र्याची लांबट इमारत, पुढं कडुनिंब, रस्त्याला लागून लोखंडी फाटक. राहायला कोपरा आणि दोन वेळचं जेवण. बदल्यात सकाळ-संध्याकाळ म्हाताऱ्यांना उठवणं, अंघोळी घालणं, भरवणं. चौदा माणसं होती. त्यातली पाच मागच्या खोलीत असत. त्यांना म्हातारचळ लागलाय असं सगळे म्हणत. त्या आजाराला डॉक्टरांचं काही नाव असेल हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं.

म्हातारी मागच्या खोलीतली. पोलिसांना ती एसटी स्टँडवर सापडली होती. गाव सांगता येत नव्हतं, माणसं सांगता येत नव्हती. स्वयंपाकाच्या मावशी तिला "धनगरीन" म्हणायच्या, बोलण्यावरून आणि हातावरच्या हिरव्या गोंदणावरून. मावशींचा नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर त्या इथं आलेल्या. जीभ तिखट. मला त्यांनी पहिल्याच दिवशी "कॉलेज" असं नाव ठेवलं.

गिरणीचा पहाटेचा भोंगा झाला की म्हातारी उठायची आणि बांधाबांध सुरू करायची. स्वतःची चादर, शेजारणीची चादर, उशा, तांबे, वाळत घातलेली धोतरं. पुढच्या खोलीत एक निवृत्त गुरुजी होते. त्यांची कवळी रात्री पेल्यात असायची, ती पेल्यासकट गाठोड्यात जायची. मग गाठोडी ओढत फाटकापाशी न्यायची आणि त्यांच्यावर बसून राहायची. कुणी सोडायला गेलं की काठी उगारायची.

"चोरटी हाय ती," मावशी म्हणायच्या. "आदी मला वाटलं याड लागलंय. याड लागल्यालीला पितळंचा तांब्या बरा वळकू येतो?"

पहिल्याच आठवड्यात मला दिसलं की गाठोडी नेहमी जोडीनं असतात. चार किंवा सहा. पाच कधीच नाहीत. एक बांधून झालं की ती दोन्ही हातांत दोन गाठोडी धरून तोलायची. एक जड वाटलं तर त्यातला तांब्या काढून दुसऱ्यात घालायची. चोर कशाला वजन सारखं करील? घोड्याच्या दोन बाजूंना दोन बोजे लागतात आणि ते सारखे नसले तर वाटेत कलंडतात. माझी आई हेच करायची. वरच्या गाठोड्यात हातानं दाबून म्हातारी जो खळगा ठेवायची, तो नुकत्याच जन्मलेल्या कोकरासाठी होता. ती चोरी करत नव्हती. ती बिऱ्हाड हलवत होती.

हे मला कळलं आणि मी गप्प बसलो. पंधरा दिवस गप्प बसलो. कारण हे तुला कसं ठाऊक, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं.

एके दिवशी मंडळाचे एक सभासद पाहणीला यायचे होते. सकाळी मागच्या खोलीत एकाही गादीवर चादर नव्हती. मॅनेजर फाटकापाशी आले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता.

"सोडा ती गाठोडी," ते मावशींना म्हणाले.

मावशी पुढं झाल्या. म्हातारीनं काठी उचलली. "हात लावू नगंस. बांधल्यालं सोडायचं नसतं."

"ऐका! बापाची इस्टेट असल्यागत बोलती. अगं ए धनगरीन, कुनाच्या गं चादरी ह्या?"

"घोडं आलं न्हाय अजून," म्हातारी शांतपणे म्हणाली.

पडवीतून गुरुजी बोळक्या तोंडावर रुमाल धरून ओरडले, "चादरींचं काहीही करा हो, माझे दात तेवढे आधी काढा!"

मॅनेजरांनी कपाळावरचा घाम पुसला. "मला हे रोज जमणार नाही. आजच कागद लिहितो. परगावी वेड्यांचं इस्पितळ आहे, तिथं घेतात असल्यांना. गाडी पाठवतात. बांधून नेतात."

माझ्या हातात पाण्याची बादली होती. ती मी खाली ठेवली. बाजूच्या दारानं बाहेर पडलो आणि रस्त्याच्या अंगानं फाटकातून आत आलो, कारण तो निरोप बाहेरूनच यावा लागतो. आमच्याकडं बायका पहाटे बोजे बांधतात, चूल मोडतात आणि बसतात. एक माणूस पुढं गेलेला असतो, पुढच्या रानात पाणी आहे का, वैरण आहे का, शेतवाला खतासाठी मेंढरं बसवू देतो का ते बघायला. तो येऊन सांगेपर्यंत कुणी हलत नाही.

"आज हलायचं न्हाय," मी म्हणालो. शहरात आल्यापासून मी असं बोललो नव्हतो. "मुक्काम हितंच."

तिनं मान वर केली. "फुडं पानी न्हाय व्हय?"

"हाय, पन लई लांब हाय. हितला शेतवाला आनी दोन दीस बसा म्हनतोय."

"वैरन?"

"हितं बरी हाय. रान मोकळं झालंय."

"मग सांगाया इतका वकूत? माजी कंबर गेली की बसून बसून!" असं म्हणून ती उठली आणि स्वतःच्या हातानं एकेक गाठ सोडायला लागली.

मावशी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होत्या. "कॉलेज, तू धनगर हाईस?"

"व्हय."

"मग इतके दीस मूग गिळून बसला हुतास व्हय रं? मी रोज काठी खातीय हितं!"

मॅनेजरांनी कागद लिहिला नाही. पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "उन्हाळ्यात मंडळाची बैठक आहे. तोपर्यंत तू सांभाळ. तेव्हा पुन्हा हेच दिसलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

म्हणजे रोजची सकाळ माझ्यावर आली. भोंग्यानंतर तासाभरात निरोप पोचला तर चादरी परत गाद्यांवर जायच्या. उशीर झाला तर ती चिडायची, मग माझंही ऐकायची नाही. मी सकाळचे तास बुडवायला लागलो. एकदा अभ्यास करता करता झोप लागली, धावत गेलो तर गुरुजी पडवीत पेला शोधत उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मॅनेजरांच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं आणि तिकडं हाक न मारता परत जाऊन बसले.

ट्रंकेतलं घोंगडं मी बाहेर काढलं. ते खांद्यावर असलं की तिला निरोप लवकर पटायचा. असाच एकदा रस्त्याच्या बाजूनं येत असताना वसतिगृहातला एक जण सायकलवरून गेला, थांबला, मला आणि घोंगड्याला खालीवर बघितलं. मी घोंगडं काढलं नाही की तोंडही लपवलं नाही. आत म्हातारी वाट बघत होती.

गाठोडी सोडून झाली की ती मला जवळ बसवायची आणि विचारायची, "कुनाचा रं तू?"

मी वडिलांचं नाव सांगायचो, आजोबांचं सांगायचो, गाव सांगायचो. ती मान हलवायची, जणू सगळ्यांना ओळखते. दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यातून ते गेलेलं असायचं आणि ती पुन्हा विचारायची. मी पुन्हा सांगायचो. पहिल्यांदा सांगताना मी आवाज खाली ठेवला होता, मावशी स्वयंपाकघरात होत्या म्हणून. महिन्याभरानं मावशी आतूनच ओरडायच्या, "सांग की मोठ्यानं, मलापन पाठ झालंय!" शहरात मला कुणी कुणाचा तू म्हणून विचारलंच नव्हतं. तिच्यामुळं मी रोज सकाळी एकदा माझ्या बापाचा मुलगा व्हायचो.

ती माझ्या घोंगड्याला लागलेलं कुसळ काढायची. अंघोळ घालायला मावशींना आता काठी खावी लागत नव्हती. मावशींनी तिला बांधायला दोन फाटक्या वाकळा आणि पिठाची रिकामी पोती दिली होती, तरी तिला गुरुजींचा पेला लागायचाच. "ह्यो कशाला गं?" मावशी विचारायच्या. "कोकराला पानी पाजाया," ती सांगायची. "त्या कोकराला दात आलं म्हनायचं!" मावशी म्हणायच्या आणि दोघी हसायच्या.

माझी परीक्षा संपली त्याच आठवड्यात गावचा एक माणूस निरोप घेऊन आला. वडिलांच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, पाय सुजला होता, मेंढरांमागं माणूस नव्हतं. मी मॅनेजरांकडून आठ दिवसांची रजा घेतली. मावशींना सगळं शिकवलं: कुठून यायचं, काय म्हणायचं.

"पानी लांब हाय, वैरन हितं बरी हाय, मुक्काम हितंच," मावशींनी म्हणून दाखवलं. "झालं? परीक्षाच घितोस की माजी."

न सांगता निघणं मला जमलं नाही. म्हातारीच्या पाया पडलो. "जातो" असं आमच्यात म्हणत नाहीत. आणि काय म्हणावं याचा विचार करायच्या आतच, वडील बिऱ्हाडातून बाहेर पडताना जे म्हणायचे तेच तोंडात आलं.

"फुडं जाऊन बघून येतो."

तिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मला पोचवायला फाटकापर्यंत आली. "आदी पानी बघ," ती म्हणाली. "वैरन मागनं. आन शेतवाल्याच्या कुत्र्याला जप." तिनं कमरेचा भाकरीचा तुकडा काढून माझ्या टॉवेलच्या टोकाला बांधला. मी स्टँडपर्यंत आनंदात गेलो. चांगला निरोप घेतला असं मला वाटत होतं.

बिऱ्हाड सापडायला दोन दिवस गेले. ते रोज हलत होतं. विचारत विचारत, लेंड्यांच्या खुणांवरून गाठलं. वडिलांचा पाय टरटरून सुजलेला. दिवसभर मी मेंढरांमागं गेलो. संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीपाशी आई भाकरी थापत होती, तिला मी म्हातारीची गोष्ट सांगितली. हसत हसत सांगितली. शेवटाला आलो तेव्हा आईचा हात परातीतच थांबला.

"काय म्हनून आलास?"

"फुडं जाऊन बघून येतो."

"आन हितं बसलाईस?"

मला अजूनही लक्षात येत नव्हतं. "मावशी सांगतील की तिला रोज."

"मावशी सांगू दे न्हायतर गावचा पाटील सांगू दे. मानूस फुडं गेल्यालं असलं की त्येच्याच तोंडचं ऐकायचं असतंय. तू येस्तवर ती गाठुडं सोडंल का रं? तुजा बाप येकदा फुडं जाऊन नदीच्या पुरात अडकला. मी दोन दीस बोजावर बसले हुते, तुला मांडीवर घिऊन. चूल मोडल्यावर शिजवून कोन खातंय? शिळी भाकरी असंल तितक्यावर ऱ्हायाचं."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या बोजांवर मी झोपलेलो आहे. पण ते वाक्य मी शहरात राहून बोललो होतो, नुसता गोड शब्द म्हणून.

त्याच रात्री निघायला हवं होतं. पण वडिलांना उभं राहता येत नव्हतं आणि काका एकटे होते. पिशवीत एक पोस्टकार्ड होतं. कंदिलाजवळ बसून मी मॅनेजरांना लिहिलं: "मावशींना सांगावे की तिला शिळी भाकरी द्या, ती खाईल. आणि हे कार्ड दाखवून तिला म्हणावे, पुढे गेलेल्याचा निरोप आला आहे, पुढे पाणी नाही, मुक्काम हलवायचा नाही. मी येईपर्यंत कृपया दम धरावा." सकाळी आठवड्याच्या बाजाराला निघालेल्या माणसाच्या हातात ते दिलं. उत्तर माझ्या गावच्या पत्त्यावर मागितलं, कारण आम्हाला दुसरा पत्ताच नव्हता.

पायाची सूज उतरायला आठाचे पंचवीस दिवस लागले. रोज संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाड्यात घालताना मी मनात मांडायचो: कार्ड आज पोचलं असेल. आज दाखवलं असेल. आज चादरी गाद्यांवर गेल्या असतील. बैठक कधी आहे ते मी मॅनेजरांना विचारलं नव्हतं. आई भाकरी जास्तीची करून एक फडक्यात बाजूला ठेवायची. का, ते मी विचारलं नाही.

तोवर मृग तोंडावर आला आणि बिऱ्हाड गावाकडं वळलं. मी पुढं चालत आलो. शाळेचे मास्तरच गावचं टपाल सांभाळायचे; त्यांनी मला पारावरून हाक मारली, शाळेत नेलं आणि टेबलाच्या खणातून एक कार्ड काढून दिलं. ते तीन आठवडे तिथं पडून होतं. अक्षर ओळखीचं नव्हतं. छापल्यासारखं सुबक, ओळी सरळ. ते गुरुजींचं होतं.

"आशीर्वाद. मावशी सांगतात तसे लिहीत आहे, भाषा मात्र माझी. तू गेल्यापासून तिने गाठोडी सोडली नाहीत. सहा गाठोडी फाटकापाशी मांडून दिवसभर त्यांवर बसून राही. तू शिकवलेले सर्व मावशींनी सांगून पाहिले. 'तू कोन सांगनार? मानूस फुडं गेलाय,' असे उत्तर मिळे. हे शब्द जसेच्या तसे लिहावेत असा मावशींचा आग्रह आहे. पाच-सहा दिवस धड जेवली नाही. तुझे कार्ड आल्यावर शिळी भाकरी दिली, ती खाल्ली. कार्ड मात्र तिला दाखवायचे राहिले, कारण त्याच दिवशी मंडळाची बैठक होती. सभासदांनी उघड्या गाद्या पाहिल्या. तक्रार कोणीही केली नव्हती. त्यानंतर चौथ्या दिवशी इस्पितळाची गाडी आली. बरोबर दोन माणसे व दोरी होती. मॅनेजरसाहेबांना ते पाहवेना. त्यांनी तुझे कार्ड घेतले, बाहेर गेले, रस्त्याच्या बाजूने फाटकातून आत आले आणि ते तिच्यापुढे धरून म्हणाले, पुढे गेलेल्याचा निरोप आला आहे. ती लगेच उठली. पाणी आहे का, असे विचारले. साहेब म्हणाले, आहे. वैरण विचारली. तीही आहे म्हणाले. गाठोडी तिने कोणाला उचलू दिली नाहीत. हाताने वजन पाहून तीन एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस अशी स्वतः गाडीत लावली. दोरीचे काम पडले नाही. मावशींनी फडक्यात भाकरी बांधून दिली. बसताना तिने मावशींस सांगितले की, पोरगा चुकून इकडे परत आला तर त्यास म्हणावे, आम्ही पुढे गेलो आहोत, मागाहून ये. मावशींस यापुढे सांगवत नाही, म्हणून थांबतो.

ता. क. माझे दात तिच्या गाठोड्यातच गेले. मी कोणास कळवलेले नाही."